रवा की पिठीसाखर?

माशांच्या बाबतीत आमच्या घराण्याचा अधिकार मोठा. माझे आजोबा अलिबागच्या बाजारात पाटीतला मासा उचलत, कल्ले उघडून आतला रंग बघत, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून क्षणभर थांबत आणि मग अंगठ्याने पोटाजवळ दाबून पाहत. कल्ले लालभडक, डोळा नितळ आणि अंगठा काढल्यावर खड्डा भरून येणारा, एवढं जमलं की मासा पिशवीत. ही विद्या आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आली. चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे खोटी सही आणि घराण्यामुळे शिळं पापलेट, या दोन गोष्टी मी दहा हातांवरून ओळखतो. मात्र हे सगळं ज्ञान मेलेल्या माशापुरतं. जिवंत मासा आजारी पडला तर काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडे कधी उद्भवलाच नव्हता. आमच्या घरी पोहोचेपर्यंत मासा आजारपणाच्या पलीकडे गेलेला असे.

जिवंत मासे मी पाहिले ते शाळेच्या सहलीत, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ साली उघडलं होतं आणि मुंबईतल्या प्रत्येक शाळेची सहल तिथे जाणं हा जणू कायदा होता. बाई माशांची नावं सांगत होत्या आणि आमच्या वर्गातली निम्मी मुलं हा तळायचा की आमटीत टाकायचा, यावर चर्चा करत होती. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं माझ्या मत्स्यज्ञानात भर पडली नाही. ती पाडली भाच्याने.

निखिल मर्चंट नेव्हीत आहे. वर्षातले सहा-सात महिने खाऱ्या पाण्यावर काढणाऱ्या माणसाने उरलेले महिने एखाद्या डोंगरावर जाऊन बसावं की नाही? हा सुट्टीवर आला की मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्यात, पाच फुटी काचेच्या पेटीत भरलेल्या समुद्राची सेवा करतो. पण खरा तो समुद्र भावजींचा. बापलेकांनी मिळून तो उभा केला होता. २०२१च्या एप्रिलमध्ये भावजी इस्पितळात गेले, ते परत आले नाहीत. शेवटचे अकरा दिवस आम्ही त्यांना फोनच्या काचेतूनच पाहिलं. त्यांनी हौसेने आणलेला पिवळा टँग मासा अजून त्या पेटीत आहे. ताईला विचाराल तर ती म्हणेल, ‘मला कसला मेला माशांचा सोस!’ पण दिवेलागणीला पेटीपुढे खुर्ची ओढून बसते आणि तासभर उठत नाही.

तर गेल्या वर्षी निखिलने तीन नवे मासे आणले. दोन नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश आणि एक निळाशार सर्जनफिशचं अडीच इंची पोर. २००३ सालच्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटानंतर जगातल्या सगळ्या पोरांना हवे झालेले ते हेच दोन मासे. आणि नेमका चौथ्या दिवशी त्याला कंपनीचा फोन आला : बोट लवकर सुटते आहे, निघा. निखिलने माझ्या हातात एक दोनशे पानी वही ठेवली. वर लिहिलं होतं, ‘मामांसाठी’. म्हणाला, ‘मामा, तुम्ही नीटनेटके आहात. आईला हे जमायचं नाही.’ नीटनेटका म्हटल्यावर बँकेतला माणूस नाही कसं म्हणणार?

नवा मासा थेट मोठ्या पेटीत सोडायचा नाही, हा वहीतला पहिला नियम. समुद्रातून तो पकडणाऱ्याकडे, तिथून निर्यातदाराकडे, मग घाऊक व्यापाऱ्याकडे, मग दुकानात, असा मजल दरमजल करत येतो आणि प्रत्येक मुक्कामी शंभर जातीचे शंभर प्रवासी त्याच पाण्यात असतात. एस.टी.च्या स्टँडवर रात्र काढलेल्या माणसाला आपण तरी आंघोळीआधी देवघरात जाऊ देतो का? तेव्हा नव्या माशाला वेगळ्या टाकीत ठेवायचं, पारखायचं, लागलं तर औषध द्यायचं आणि मगच घरात घ्यायचं. ही ऐंशी लिटरची टाकी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीजवळ आली. मोठ्या पेटीच्या शेजारी नको, कारण पाण्याचा उडालेला एक थेंबसुद्धा रोग पोहोचवू शकतो. टाकीत ना वाळू, ना दगड, ना प्रवाळ. लपायला प्लंबरकडचे पीव्हीसीचे एल्बो, हवेवर चालणारा एक स्पंज फिल्टर, २६ अंशांवर लावलेला हीटर, बस्स. सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात असते तेवढीच शोभा.

आमच्या हिला हे प्रकरण समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. आईला दोन मिनिटं. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. मी तिला सांगितलं की या टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, नळी वेगळी, इथे हात घातला की धुतल्याशिवाय वरच्या पेटीला लावायचा नाही. ती म्हणाली, ‘सोवळं म्हण की सरळ! एवढं कशाला लांबवतोस?’ मग तिने तिच्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि मग गावोगाव पसरला, तेव्हा माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहत. मी म्हटलं, ‘क्वारंटाइन हा शब्दच मुळी इटलीतल्या चाळीस दिवसांवरून आला. व्हेनिसला आलेली जहाजं तेवढे दिवस बाहेर थांबवायचे.’ आईने बोटांवर हिशेब केला. ‘म्हणजे सव्वा महिना. बाळंतिणीला ठेवतात तेवढाच.’ त्यानंतर घरात त्या टाकीचं नाव ‘बाळंतिणीची खोली’ पडलं आणि दाराशी चपला काढायची सक्ती झाली. शिवाय आईने फर्मान काढलं, की घरात पेशंट असेपर्यंत त्याच्या जातभाईंना फोडणी द्यायची नाही. बुधवारी वरणभात आणि बटाट्याच्या काचऱ्या सुरू झाल्या.

२०२०च्या मार्चमध्ये आपल्याकडे विलगीकरणातल्या माणसांच्या हातावर शाईचे शिक्के मारत असत. माशाला ती सोय नाही. त्यातून मासा हा जातीचा खोटारडा. समुद्रात जो आजारी दिसतो त्याला दुसरा कुणी तरी खातो, म्हणून अगदी गळ्याशी येईपर्यंत तो ‘काही नाही हो, मजेत आहे’ असंच दाखवतो. ओळखीचे एक जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, कुत्रा असेल तर आणा. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांपुढे विषय काढला. त्यांनी सवयीने विचारलं, ‘भूक कशी आहे? श्वास लागतो का? शौचाला कसं होतंय?’ घरी येऊन वही उघडली तर तिसऱ्या पानावर हेच तीन प्रश्न! खातो का, कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला किती, आणि विष्ठा कशी. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी विष्ठा दिसली तर पोटात जंतू असण्याचा संशय घ्यायचा आणि त्यावरचं औषध मेट्रोनिडॅझोल. म्हणजे बाहेरची भेळ खाऊन पोट बिघडलं की आपल्याला जी कडू गोळी देतात, तीच. माझा त्या माशांशी जिव्हाळा जुळला तो या पानावर.

मी बँकेच्या पद्धतीने लेजर आखलं. तारीख, वेळ, तापमान, खारटपणा, अमोनिया, भूक, कल्ले. घड्याळ धरून टाकीपुढे बसायचं आणि मोजायचं. सर्जन मिनिटाला ऐंशीच्या आसपास. ही त्याची शिल्लक. वही म्हणत होती, आकडा किती यापेक्षा कालच्यापेक्षा किती वाढला ते बघा. हे कुठल्याही कॅशियरला पटेल.

पाचव्या दिवशी दोन क्लाउनपैकी एकाच्या अंगावर पांढुरका बुळबुळीत पापुद्रा आला. दूध तापल्यावर साय सुटते तसा तो सुटत होता. कल्ले धाडधाड चालले होते. वहीत लाल शाईने नाव होतं : ब्रुकलिनेला. समुद्रातून धरलेल्या क्लाउनना इतका धरतो की त्याला क्लाउनफिशचा रोग असंच म्हणतात. हा जंतू माशाच्या अंगावरच एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो, त्यामुळे तुम्हाला विचार करायला फुरसत देत नाही. यावर तांब्याचं औषध चालत नाही, लागतं फॉर्मलिन. आता फॉर्मलिन म्हणजे कॉलेजात मेलेला बेडूक ज्यात ठेवतात ते. २०१८ साली गोव्यात माशांना फॉर्मलिन लावतात म्हणून केवढा हलकल्लोळ झाला, बाहेरून येणारा मासा सरकारला बंद करावा लागला; आणि मी माशाला लावायला फॉर्मलिन द्या म्हणून प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे उभा! त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या दुकानात मी ‘नातवाच्या प्रोजेक्टला’ असं सांगितलं.

पहिला क्लाउन मी परत येईपर्यंत गेला होता. ही गॅलरीच्या दाराशी उभी होती. दर बुधवारी कोळणीशी वाट्यावरून कडाकडा भांडणारी ही बाई पदराने डोळे पुसत होती. दुसऱ्या क्लाउनला आणि सर्जनला गॅलरीत, वारा असताना, हातमोजे घालून, बादलीत मोजून औषध घालून, हवेचा पंप जोरात लावून पाऊण तास आंघोळ. मी त्या पाऊण तासात बादलीवरून नजर हलवली नाही. नंतर दोघांना कोऱ्या पाण्यात घेतलं. जुनी टाकी रिकामी करून, धुऊन, खडखडीत वाळवली. क्लाउन वाचला.

चार दिवस बरे गेले. पाचव्या सकाळी सर्जनच्या निळ्या अंगावर पांढरे ठिपके.

इथे एक गंमत सांगतो. याच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार पात्यासारखा काटा असतो, म्हणून याचं नाव सर्जन. आणि इतर माशांच्या मानाने हाच सारखा आजारी. सर्जनलाच ऑपरेशन टेबलवर घ्यायची वेळ, असा हा मासा!

ठिपके दोन प्रकारचे असतात. एक क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे नेहमीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. दुसरा ॲमिलूडिनियम, ज्याला मखमल म्हणतात. नाव मखमल, पण दोन-चार दिवसांत टाकीच्या टाकी रिकामी करतो. वहीत निखिलने मीठ आणि धूळ अशी उपमा दिली होती. माझ्या चष्म्याला त्यातलं काही ठरेना. आईला खुर्चीवर बसवलं, दिवे बंद केले आणि टॉर्च आडवा धरला. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली असल्यामुळे घरात सर्वांत चांगलं दिसतं ते तिला. मी विचारलं, ‘आई, रवा की पिठीसाखर?’ ती बराच वेळ बघत राहिली. ‘रवाच,’ म्हणाली. ‘आणि जाडा. मोजता येतोय. हा बघ, कल्ल्यामागे सात, पंखावर चार.’

जीव भांड्यात पडला. पिठीसाखर असती तर दाणे मोजता आले नसते, मासा उजेडाकडे पाठ फिरवून पंपाच्या झोतात तोंड खुपसून बसला असता आणि माझ्याकडे दिवस नव्हे, तास उरले असते. वहीत त्या पानावर क्लोरोक्विन लिहिलं होतं. मलेरियाचं औषध. खाली ठळक अक्षरांत : ‘मामा, हे घरात कुणी घ्यायचं नाही.’ मला हसू आलं, मग आठवलं, २०२०च्या मार्चमध्ये अमेरिकेत ॲरिझोनात एक जण करोनाच्या धास्तीने माशाच्या टाकीतलं हेच घेऊन दगावला होता. हसू गेलं. (ठिपके फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे असते तर विषाणूजन्य गाठी. त्यांना काही करायचं नाही, बहुधा आपोआप जातात. एका स्वयंपाकघरात सगळं वैद्यक बसतं!)

आता या रव्याचं चरित्र ऐका, कारण सगळी मेख तिथेच आहे. दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून बसलेला जंतू. तीन ते सात दिवस तो तिथे जेवतो. मग गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्या कवचात एकाची शेकडो पिल्लं होतात. कवच फुटायला तीन दिवस लागतील नाहीतर चार आठवडे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला तर ठीक, नाहीतर मेलं. औषध लागू पडतं ते फक्त या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लाला. कातडीखाली असताना नाही, कवचात असताना नाही. म्हणजे ठिपके नाहीसे झाले, याचा अर्थ पाहुणी बाळंतपणाला गेली. परत येईल ती लेकुरवाळी होऊन.

हे औषध म्हणजे तांबं. लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम. आमच्या ऐंशी लिटरच्या टाकीत सगळं मिळून सोळा मिलिग्रॅमच्या आसपास. पोह्यांवर भुरभुरवायच्या चिमटीत याच्या कित्येक पट मीठ बसतं. यापेक्षा कमी पडलं तर जंतू मजेत, जास्त झालं तर मासा गेला. आणि ही पातळी अखंड तीस दिवस, एक दिवसही खाली न जाता. वाळू-दगड का नकोत ते तेव्हा कळलं : ते तांबं पिऊन टाकतात. आणि सोवळं दोन्ही बाजूंनी का पाळायचं तेही. मोठ्या पेटीतल्या कोळंबीला, शंखांना, प्रवाळांना तांबं म्हणजे विष. आईला मात्र हे अजिबात पटलं नाही. जन्मभर तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्यायलेल्या माणसाला विष कसं म्हणायचं? तिने तो तांब्या टाकीपुढे आणून ठेवला आणि मला म्हणाली, ‘विचार त्याला.’

रोजची कसोटी निराळीच. धुऊन काढलेल्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू पुरेसे नसतात, म्हणून पाणी बदलायचं. वीस लिटर काढलं की वीस लिटर नवं, त्यात मीठ मोजून, खारटपणा १.०२५, तापमान तेच, आणि तांबंही त्याच प्रमाणात आधीच मिसळलेलं. नाहीतर पातळी घसरली आणि तीस दिवस पहिल्यापासून. चौतीस वर्षं मी ज्या एका गोष्टीसाठी संध्याकाळी उशिरा घरी गेलो, ती ही : दोन्ही बाजू जुळल्याशिवाय कुलूप लावायचं नाही.

चौथ्या दिवशी रवा नाहीसा झाला. मासा निळाशार, लखलखीत. आणि मग सुरू झाली ती लोकांची रीघ. समोरचे म्हणाले, बरा झाला की हो! दूधवाला म्हणाला, सोडा आता वर. ताई खाली आली, बराच वेळ काचेला नाक लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘आता नेऊ या का रे? तिकडे पिवळ्याला सोबत होईल.’ मी वहीचं पान काढून तिच्यापुढे धरलं. रोग वरच्या पेटीत गेला तर पाचही मासे बाहेर काढून औषधात ठेवायचे आणि पेटी छहत्तर दिवस माशांविना रिकामी ठेवायची. पिवळा टँगसुद्धा. ताईने पान वाचलं. तिच्या हाताला किंचित कंप आहे, तो वहीला लागला. ‘राहू दे मग,’ म्हणाली. ‘इथेच राहू दे.’ आणि त्या दिवसापासून जो कुणी ‘बरा झाला’ म्हणेल त्याला जिन्यातच गाठून पाहुणीचं बाळंतपण समजावून सांगायचं खातं तिने आपल्याकडे घेतलं.

बाराव्या दिवशी सर्जनने खाणं सोडलं. तांब्याने भूक मरते. वहीत लिहिलं होतं, पण वाचणं वेगळं आणि समोर वाढलेलं पान तसंच परत जाताना बघणं वेगळं. नोरी म्हणून समुद्री शेवाळाचे कागद मिळतात, ते चिमट्याला लावून काचेवर टांगायचे. तेरावा दिवस, नोरी तशीच. चौदावा, तशीच. पाठीशी कातडी आत ओढल्यासारखी दिसू लागली. औषध थांबवलं तर पाहुणी परत. चालू ठेवलं तर हा उपाशी. निखिलला बोटीवर निरोप धाडला. दोन दिवस उत्तर नाही, बोटीचं नेट त्यांच्या मर्जीने चालतं. मी रात्री दोनला उठून टॉर्च घेऊन मोजायला बसे. एकशे अठरा. एकशे चोवीस. ही मागे येऊन उभी राहायची, चहा ठेवायची. भावजींच्या वेळी आम्हाला मोजायलाही काही नव्हतं.

पंधराव्या दिवशी आईने लसणाची पाकळी ठेचली, नोरीला चोळली आणि म्हणाली, ‘लाव.’ लसणाने हा रोग बरा होतो हा जगभरच्या मासेवाल्यांचा लाडका समज आहे. त्याला आधार नाही, असं वहीत स्पष्ट होतं. पण लसूण खायला घालू नका, असं कुठेही नव्हतं. लावली. दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी क्लाउनने येऊन एक लचका घेतला. ते बघून की वासाने कुणास ठाऊक, सर्जन एल्बोतून बाहेर आला, एकदा लांबून गेला, परत आला आणि एक तुकडा तोडला. आईने विजयाने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी निखिलचा निरोप आला, ‘मामा, आणखी एक-दोन दिवस वाट बघा, सवय झाली की बरेचदा आपणहून खातात.’ मी तो आईला वाचून दाखवला नाही. घरात राहायचं आहे.

पुढचे पंधरा दिवस पाणी, तांबं, लेजर. तिसाव्या दिवशी तांबं काढलं, मग जंताचं औषध (ते आम्हालाही लहानपणी सुट्टीत मिळायचंच), मग दोन आठवडे नुसतं डोळ्यांत तेल घालून बघणं. सव्वा महिन्याचे दोन महिने होत आले. शेवटी एका मंगळवारी दोघांना बादलीत घेऊन मी जिना चढलो. ताईने दारात पाट ठेवला होता. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

रात्री साडेदहाला तिचा फोन. आवाज फुटत नव्हता. ‘तो आडवा पडलाय. दगडामागे. अगदी आडवा.’ मी वही आणि टॉर्च घेऊन वर गेलो. खरोखरच कपारीत एका अंगावर, सपाट, मेल्यासारखा. टॉर्च आडवा धरला, घड्याळ काढलं आणि मोजलं. ब्याऐंशी. ठिपका नाही. या जातीचे मासे घाबरले किंवा झोपले की असेच कपारीत आडवे होतात, वहीत अठ्ठेचाळिसाव्या पानावर आहे. ‘झोपलाय,’ मी म्हटलं.

ताईने खुर्ची पेटीपुढे ओढली. दिवा मात्र लावला नाही. ‘तू जा,’ म्हणाली. ‘मी बसते जरा.’

खाली आलो तर आई जागीच होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, कल्ल्यांचा आकडा दोनदा विचारला आणि मग कूस बदलत हिला म्हणाली, ‘सकाळी लौकर जा हो बाजारात. दोन महिने झाले, सरंग्याचे कल्ले कसे दिसतात ते विसरला असेल हा.’